न पाहिलेल्या किल्ल्याच्या पायऱ्या

माझा जन्म राजापूरजवळचा. तिकडे उन्हाळे म्हणून गाव आहे, जमिनीतून गरम पाणी येतं तिथं, आमच्या घरापासून चालत पाऊण तास. माझ्या आत्याचे दोन्ही गुडघे वातानं धरलेले, तिला दर रविवारी त्या कुंडावर न्यायचं काम माझ्याकडे, बाकीची भावंडं पळायची, मी सापडायची. आत्याचा हात धरून तिला पाण्यात उतरवायचं, पहिल्यांदा पोटऱ्यांना चटका बसायचा, ती शिव्या द्यायची, मग हळूहळू अंग मोकळं व्हायचं आणि ती गप्प व्हायची. गंधकाचा वास दोन दिवस परकराला राहायचा. एवढाच माझा जगाचा प्रवास, पण तो पुढे फार कामाला आला, कसा ते सांगते. तुमचा हा मंडळाचा अंक कॅरीला जातो ना, नॉर्थ कॅरोलायनात? पोस्टानं, छापलेला? मग ठीक आहे. चहा टाका बाई, तुम्हीच टाका, मला आता उठबस नको वाटते.

तर रत्नागिरीला बी. ए. केलं, दोन वर्षं शाळेत शिकवलं, भूगोल, आणि मग श्रीकांतचं स्थळ आलं आणि मी ॲन आर्बरला येऊन पडले. पडले म्हणते कारण आले तो जानेवारी होता, बसमधून उतरले ती आपटलेच बर्फावर. श्रीकांत गाड्यांचे पार्ट करणाऱ्या कंपनीत इंजिनियर होता. मग ऐंशीनंतर मिशिगनात ते सगळं सुरू झालं, आज या कंपनीत लेऑफ, उद्या त्या कंपनीत, आणि एका शुक्रवारी तो खोक्यात कॉफीचा मग आणि कॅल्क्युलेटर घेऊन घरी आला. चौदा महिने घरी होता. मी त्याला कधी बोलले नाही, पण काय सांगू तुम्हाला, घरात बसलेला पुरुष म्हणजे दिवसभर ठिबकणाऱ्या नळासारखा, आवाज फारसा नाही पण लक्ष तिकडेच. मग मीच बाहेर पडले.

एका छोट्या ट्रॅव्हल एजन्सीत लागले. मालकीण बार्बरा म्हणून, बाई वाईट नव्हती, सकाळी मला कॉफी करून द्यायची. गिऱ्हाईक म्हणजे बहुतेक रिटायर्ड प्रोफेसर आणि त्यांच्या बायका. तिनं मला दिली जर्मनीची फाइल, आणि त्यातही बाडेन-बाडेन, नाव दोनदा घ्यायचं. गरम पाण्याच्या झऱ्यांचं श्रीमंत गाव, लोक तिथं आठ-दहा दिवस राहायचे, सकाळी पाण्यात डुंबायचं आणि दुपारी आसपासचं जुनंपुराणं बघून यायचं, त्याला डे ट्रिप. त्या ट्रिपा मी बसवून द्यायची. डोंगरावरचा पडका किल्ला, नदीकाठचा नन्सचा, म्हणजे ख्रिस्ती जोगिणींचा, मठ, रोमन लोकांच्या न्हाणीघराचे अवशेष, आणि बागेतला एक राजवाडा, तिथं म्हणे एक विधवा राणी मेणाचे पुतळे पंगतीला बसवून त्यांच्याबरोबर जेवायची. दुपारी मागच्या खोलीत एकटीनं डबा खाताना मला ती राणी आठवायची. निदान तिला पुतळे तरी होते.

बार्बराची एक शिकवण होती. गिऱ्हाइकानं विचारलं, तुम्ही स्वतः गेलायत का, तर नाही म्हणायचं नाही. ओह, यू विल लव्ह इट, आय डिड, असं म्हणायचं. मी पहिल्या दिवशी म्हटलं, बार्बरा, मी नाही गेलेले. ती म्हणाली, हनी, कोण गेलंय? गेले असते तर इथे बसले असते का? आणि खरंच, माझ्याकडे तेव्हा इंडियन पासपोर्ट, प्रत्येक देशाचा व्हिसा वेगळा, नवरा घरी बसलेला, मी कुठली जाते जर्मनीला. मग मी म्हणायला लागले. पहिल्यांदा कानशिलं तापली, चौथ्यांदा नाही तापली. इंग्रजीत बोललेलं खोटं मला खोटं वाटायचंच नाही, फोनवर नमस्कार न म्हणता हॅलो म्हणतो तसं ते, कामाचं बोलणं. आणि कुणी विचारलं, पाणी कसं असतं, की मी मनानं आमच्या उन्हाळे गावच्या कुंडात उतरायची. पहिला चटका पोटऱ्यांना, मग अंग मोकळं होणं, तो वास. लोक माझ्या तोंडाकडे बघत राहायचे. बार्बरा म्हणायची, शैला, तू तर अ‍ॅक्ट्रेस व्हायला हवी होतीस. मी अ‍ॅक्टिंग करत नव्हते हो. पाणी मला माहीतच होतं. बाकीचं माहीत नव्हतं.

श्रीकांतला नोकरी मिळाली, लांब होती पण मिळाली, तरी मी काम सोडलं नाही. आणि मग एक दिवस ऑफिसात आले डॉक्टर काका आणि विमलकाकू.

काका म्हणजे डोळ्यांचे डॉक्टर, नागपूरचे, साठच्या दशकात आलेले, आमच्यात सगळ्यांत आधीचे. आम्ही नवीन आलो तेव्हा पहिलं घरचं जेवण काकूंकडे, पहिला विंटर कोट काकूंचा जुना, माझ्या मुलीच्या, नेहाच्या, बाळंतपणाला माझी आई येऊ शकली नाही तर पंधरा दिवस डिंकाचे लाडू आणि अंगाला तेल काकूंनी. सख्ख्या नात्याला कुठे वेगळी शिंगं असतात? काकूंचे गुडघे तेव्हा पन्नाशीतच गेलेले. काकांच्या हॉस्पिटलात एक जर्मन डॉक्टर होता, त्यानं त्यांच्या डोक्यात भरवलं की बाडेन-बाडेनचं पाणी गुडघ्यांना फार चांगलं. काका म्हणाले, शैला, तुझंच गाव आहे ते, दे बसवून, पाण्यासाठी नेतोय हिला, पण दोन-तीन ठिकाणंही बघू.

मी ट्रिप काढली. मठ, राजवाडा, किल्ला. काका फॉर्म भरत होते, सही कुठे करू विचारत होते, आणि काकू माझ्याकडे वाकून हळूच म्हणाल्या, शैला, तू जाऊन आलीस ना गं तिथं? टेबलापलीकडे बार्बरा बसलेली. तिला मराठी कळत नव्हतं, मी काहीही म्हणू शकत होते. खरं सांगते, मराठीत ते वाक्य माझ्या तोंडात बसेना. तरी म्हटलं, हो. मग त्या म्हणाल्या, किल्ल्याला पायऱ्या किती गं? ब्रोशरात फोटो होता लाल दगडांचा, गाडी दारापर्यंत जाते एवढं लिहिलं होतं, पायऱ्यांचं अक्षर नव्हतं. मी म्हटलं, फार नाहीत, काकू. तुम्ही सहज जाल.

फार नाहीत, काकू. एवढंच बोलले.

पोचल्यावर तिसऱ्याच दिवशी किल्ला होता. पहिले दोन दिवस मठ आणि राजवाडा, आणि पाण्याचं चौथ्या दिवसापासून, मीच तसं बसवलं होतं, म्हटलं बघायचं आधी उरकू दे, मग निवांत डुंबू दे. गाडी दारापर्यंत गेली, ते खरं निघालं. आत पायऱ्या, दगडी, झिजलेल्या, वळणावर वळण. काका पुढे निघून गेले फोटो काढत. काकू चढत राहिल्या. नंतर मला म्हणाल्या, मी प्रत्येक वळणाला म्हणायची, आता संपतील, शैला म्हणालीय फार नाहीत. अर्ध्यात गुडघ्यानं दगा दिला तेव्हा परत फिरल्या आणि उतरताना पाय घसरून पडल्या. घोट्याशी हाड मोडलं. मांडीपर्यंत प्लास्टर. आणि प्लास्टर घालून पाण्यात कोण उतरू देणार? ज्या पाण्यासाठी एवढ्या लांब गेल्या, त्यात पायाचं बोट बुडवलं नाही त्यांनी. सात दिवस हॉटेलच्या खिडकीशी बसून, न्हाऊन आलेले लोक गालांवर लाली घेऊन परत येताना बघत होत्या.

आल्या तेव्हा मी गेले भेटायला. खिचडी करून नेली होती, डबा हातात तसाच. दार काकांनी उघडलं, आणि मी काही बोलायच्या आत म्हणाले, बघ तुझी काकू, तू एवढं बजावून सांगितलंस पायऱ्या आहेत म्हणून, तरी चढली, हट्टी बाई. मला समजेना. मी आत गेले, काकू पलंगावर, पाय उशीवर. काका फोन घ्यायला गेले तशा मला म्हणाल्या, तू गेली नव्हतीस ना तिथं? म्हटलं, नाही. म्हणाल्या, वाटलंच मला, पाचव्या वळणावर वाटलं. जाऊन आलेली बाई पायऱ्या विसरत नाही. मी रडायला लागले, तर म्हणाल्या, गप, मी यांना सांगितलंय की शैलानं मला बजावलं होतं, मीच ऐकलं नाही. तुझी नोकरी आहे, यांचा स्वभाव तापट, उद्या जाऊन तुझ्या मालकिणीशी भांडतील. झालं ते झालं.

मग विचारलं, ते पाण्याचं सगळ्यांना सांगायचीस ते तरी खरं होतं का गं? मी म्हटलं, ते खरं आहे, पण जर्मनीचं नाही, राजापूरचं आहे. त्या इतक्या हसल्या की प्लास्टर हललं, आई गं म्हणाल्या आणि परत हसल्या. म्हणाल्या, मग सांग राजापूरचं. ते प्लास्टर निघेपर्यंत मी दर गुरुवारी, माझ्या सुट्टीच्या दिवशी, जायची, त्यांची वेणी घालायची आणि आत्याचं कुंड सांगायची. त्या डोळे मिटून ऐकायच्या.

पाय सांधला पण सरळ नाही सांधला. पुढची सगळी वर्षं काकू उजव्या पायानं लंगडल्या. आणि प्रत्येक संक्रांतीला, प्रत्येक गणपतीला, बेसमेंटमध्ये पंगत बसलेली असताना काकूंना खाली यायला वेळ लागला की काका सगळ्यांसमोर म्हणायचे, ऐकत नाही कुणाचं, शैलानं सांगितलं होतं तरी किल्ला चढायला गेली. लोक हसायचे. प्रेमानंच म्हणायचे ते, पण म्हणायचे. काकू माझ्याकडे बघायच्यासुद्धा नाहीत, मला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून. आणि मी पुरी वाढत राहायची. तीस वर्षांच्या वर पुऱ्या वाढल्या मी, पण तोंड उघडलं नाही.

बार्बराकडे मात्र मी त्या आठवड्यानंतर आय डिड म्हणणं बंद केलं. कुणी विचारलं तर म्हणायची, नाही, मी गेलेले नाही, थांबा, फोन करून पायऱ्या विचारते. फोन करायची, लिहून घ्यायची, शेजारी कठडा आहे का तेही लिहायची. बार्बरा चिडली, मग सवय झाली. मोठं पुण्य केलं असं नाही, काकूंचा पाय थोडाच सरळ झाला त्यानं.

एकदा मी काकूंना म्हटलं, मी सांगते काकांना. त्या म्हणाल्या, मी असेपर्यंत नको, मला खोटं पाडशील. असं काही बोलल्या की मला पळवाटच मिळाली. काकू गेल्या त्याला आता सहा वर्षं झाली. मी गेले होते कॅरीला, काका तिथे मुलाकडे असतात ना. फोटोला हार घातलेला, काका फोटोकडे बघत म्हणाले, हट्टी होती फार. त्यांचं ते बोलणं, आणि तो आवाज फुटलेला, आणि मी समोर बसलेली, काकू आता नव्हत्या, खोटं पडायला कुणी नव्हतं. मी म्हटलं, काका, पाणी आणू का?

नेहा म्हणते, आई, यू शुड गो, मी तिकीट काढते, आपण जाऊ बाडेन-बाडेनला. ती लहानपणी शाळेत सांगायची की माझी आई किल्ल्यांचं काम करते. मी म्हणते, आता कशाला, माझेही गुडघे गेले. गाडी दारापर्यंत जाईल, पण आत काय आहे ते मला ठाऊक आहे. श्रीकांत गेल्यापासून तशी उमेदही नाही. टीव्ही लावते, डाळ लावते, दिवस जातो. तक्रार नाही. थकायला झालंय, बस.

काकांना आता ऐकू येत नाही. त्र्याण्णव चालू आहे. दोनदा फोन केला, त्यांची सून ओरडून सांगते, शैलाकाकू बोलतायत, आणि ते म्हणतात, हो हो, बरा आहे मी. ते असं ओरडून सांगायचं कसं? पण सून सांगत होती, मंडळाचा अंक आला की भिंग घेऊन पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात, जाहिरातीसुद्धा. डोळ्यांचे डॉक्टर ना, डोळे सांभाळलेत. म्हणून तुम्ही फोन केलात तेव्हा मी हो म्हटलं. नाहीतर माझ्या आयुष्यात छापण्यासारखं काय आहे.

तर लिहा. काका, काकू हट्टी नव्हत्या. त्यांनी मला विचारलं होतं, पायऱ्या किती आहेत, आणि मी म्हणाले होते, फार नाहीत. तुम्ही तेव्हा सही करत होतात. मी तो किल्ला कधी पाहिलेला नाही. जसंच्या तसं लिहा हे, सुधारू नका.

आणि मघाशी तुम्ही विचारलंत ना, नावं बदलायची का म्हणून. माझं बदललंत तरी चालेल मला, पण मग त्यांना कळणार नाही. नका बदलू. चहा गार झाला तुमचा, दुसरा करून घ्या. देव तुम्हाला गुडघे चांगले देवो.