काचेतलं विसर्जन

तेजस्वी : नळी खाली दाबू नका, आत्ती. टाकीतल्या वाळूला टेकवायची न्हाई म्हणून दहा वेळा सांगितलं. बोटभर वर धरा, वरचा गाळ तेवढा ओढू दे.

मालुबाई : बोटभर वरच हाय. डोळं फुटल्यात काय तुझं?

तेजस्वी : मग बादलीत वाळू कुठनं आली?

मालुबाई : तुझी वाळूच तुझ्यागत. कुणी जरा ओढलं की निघाली.

तेजस्वी : बोला. शनिवारपर्यंत काय बोलायचं ते बोलून घ्या. शनिवारी तुमचा समर्थ हुबळीहून आला की तुम्हाला सदलग्याला सोडणार हाय. सौम्याताईंना फोन झालाय माझा.

मालुबाई : माझं घर सोडून लेकीच्या दारात जाऊन पडू? चार माशांपायी?

तेजस्वी : सात. सात मेले.

मालुबाई : सात तर सात. मासं हैत, माणसं न्हवं.

तेजस्वी : तीन वर्षं वाढवलेत मी ते. मामंजी असताना जेवण झालं की इथंच बसायचे खुर्ची टाकून.

मालुबाई : ह्यास्नी मधी आणू नगो.

तेजस्वी : आणणार. त्यांनी असलं काही केलं नसतं. मी शाळेत गेल्यावर, स्टुलावर चढून, माझ्या माशांच्या टाकीत गणपती बुडवला तुम्ही! कुठल्या घरात झालंय असं?

मालुबाई : बुडवला म्हणू नगो. इसर्जन केलं.

तेजस्वी : दहीपोह्यांसकट?

मालुबाई : मग? देवाला जाताना उपाशी लावू?

तेजस्वी : दहीपोहे, दुर्वा, अक्षता, वर मूठभर हळदकुंकू. मासे काय पंगतीला बसले होते?

मालुबाई : खाल्लं की. तो पट्ट्यापट्ट्याचा लई आवडीनं खाल्ला.

तेजस्वी : तोच पहिला मेला.

मालुबाई : आता त्याचं पोट नाजूक, त्याला मी काय करू?

तेजस्वी : सरका. बादली भरली, मोरीत ओतून येते.

मालुबाई : मोरीत? हात तर लाव बादलीला! देवाची माती हाय ती. गटारात सोडतीस?

तेजस्वी : मग काय डोक्यावर घेऊ? अजून दहा बादल्या निघणार हैत.

मालुबाई : परसात नारळाच्या बुडात ओतायची. धाच्या धा.

तेजस्वी : मग न्या तुम्हीच. गुडघे धरलेत म्हणून आठ दिवस एका जागी बसून होता. स्टुलावर चढायला चालतंय, तर बादली पण चालंल.

मालुबाई : नेतो. तुझ्या बापाचं काय जातंय?

(मालुबाई बादली घेऊन परसात जाते. परत यायला बराच वेळ लावते.)

तेजस्वी : एवढा वेळ? शालूबाईंना गाऱ्हाणं सांगत होता?

मालुबाई : तिनंच भिंतीवरनं इचारलं, काय ओतालीस गं म्हणून. म्हटलो, सुनंचा राग हाय, नारळ जळतोय का बघतो.

तेजस्वी : छान. आता समद्या हिंडलग्याला कळंल.

मालुबाई : कळू दे. एवढं चमच्याचमच्यानं काय करालीस? समदी वाळू काढ, नळाखाली धर, तांदळागत धू आन् घाल परत. तासाचं काम.

तेजस्वी : धुतली की संपलं. वाळूत बारीक जीव असतात, डोळ्याला दिसत न्हाईत. माशांची घाण तेच खातात. नळाच्या पाण्यातल्या ब्लिचिंगनं ते मरतात, आणि मग उरलेले मासे पण. म्हणून आज अर्धी बाजू, अर्धी पुढच्या रविवारी.

मालुबाई : पुढच्या रविवारी बादली कोण नेणार? मी तर सदलग्यात.

तेजस्वी : नेईन माझी मी. हे बघा, शाडू कशी बसलीया वाळूवर. सारवल्यागत. खाली हवाच गेली न्हाई दोन दिवस. काळं पडलंय, दिसतंय? वास येतोय?

मालुबाई : नासक्या अंड्याचा.

तेजस्वी : विषारी असतंय ते. एकदम उकरलं तर टाकीभर पसरतंय. आणि वाळूत पुरून घेणारे ते बारके मासे, चार होते. एक पण दिसेना. खाली जिवंत हैत का मेलेत, ते पण कळेना. म्हणून चमच्याचमच्यानं.

मालुबाई : मला काय ठावं, वाळूत बी मासं ऱ्हात्यात ते.

तेजस्वी : विचारायचं होतं! अंगणात टब भरून ठेवला होता मी, नवा कोरा. रवळूभावजी सहाला विसर्जनाला येणार होते. टब तुमच्या डोळ्यासमोर होता.

मालुबाई : टब! त्यात उद्याच्याला तू चादरी भिजवणार.

तेजस्वी : नवा होता म्हणते मी.

मालुबाई : नवा असला म्हणून काय झालं? ह्या घरात चांगलं पाणी कुठं हाय सांग. ह्या टाकीत. रोज गाळतीस, आठवड्याला बदलतीस, थंडी पडली की गरम करतीस. दिवा लावतीस. माझ्या आंघोळीच्या पाण्याला इचारायला तुला सवड न्हाय. म्हटलो, घरातलं समद्यात चांगलं पाणी देवाला द्यावं. काय चुकलं?

तेजस्वी : रवळूभावजींची वाट बघायची होती. एक तास. देव काय पळून चालला होता?

मालुबाई : रवळू आला असता, तर मूर्ती कुणी उचलली असती?

तेजस्वी : त्यांनी.

मालुबाई : आन् मी?

तेजस्वी : तुम्ही काय? तुम्ही होताच की घरात.

मालुबाई : घरात कुठं? पाटाम्होरं का सैपाकघराच्या दाराआड? सांग की. आता का वाळूत बघालीस?

तेजस्वी : नळी धरा नीट.

मालुबाई : नळी गेली चुलीत. मागल्या साली मी कुठं हुतो, ते सांग. तू न्हाई सांगत तर मी सांगतो. ह्यांच्या मागं पयला गणपती. चाळीस वरसं हे घंटी वाजवत फुडं आन् मी मूर्ती घेऊन मागं, असं मळ्याच्या हिरीपतोर गेलोय. पाटावरनं उचलली, उंबऱ्यात आलो, आन् तू हातातनं काढून घेतलीस. गल्ली बघत हुती. ‘आत्ती, तुम्ही नको.’ एवढंच बोललीस. शालूबाईनं तोंड फिरवलं. तिला लाज वाटली, तुला न्हाय वाटली.

तेजस्वी : रीत हाय ती. मी काढलेली न्हाई.

मालुबाई : रीत! इज्ञानाची मास्तरीण तू. सूर्याला गिराण लागलं तवा पोरास्नी पटांगणात बसवून बिस्किटं वाटलीस. हेडमास्तर नगो म्हणत हुता, तरी वाटलीस. कौतुक सांगत फिरलो मी गल्लीभर, सून कशी हाय बघा. आन् माझा हात तेवढा अपशकुनी?

तेजस्वी : आत्ती, आवाज कमी करा.

मालुबाई : न्हाय करत. म्हणून औंदा कुणी नसताना सोडला. स्टुलावरनं दोनदा पाय घसरला. दिवा लावलो, दोनी हातानी धरून खाली सोडला. कुणी ‘तुम्ही नको’ म्हटलं न्हाय. मासं मेलं, वाईट वाटलं मला. खोटं न्हाय सांगत. पर परत अशीच येळ आली तर परत सोडीन.

तेजस्वी : मला दिवस गेले होते.

मालुबाई : कवा?

तेजस्वी : मागच्या गणपतीत. अडीच महिने. समर्थ सोडून कुणाला माहीत नव्हतं. आईला सांगितलं, तर ती म्हणाली, पहिली वेळ हाय, औंदा विधवेच्या हातानं मूर्ती बाहेर पडू देऊ नको. हसले मी तिला. फोन ठेवून पण हसले. आणि उंबऱ्यात तुम्हाला मूर्ती घेऊन बघितलं. शिकलेलं काही आठवलं न्हाई. हात आपोआप पुढं आला.

मालुबाई : मग?

तेजस्वी : मग काय? आठव्या दिवशी गेलं. तुमच्या हातानं मूर्ती बाहेर पडली न्हाई तरी गेलं.

मालुबाई : ते पित्त झालंय म्हणून दोन दीस निजलीस, तवा?

तेजस्वी : तवाच.

मालुबाई : मला सांगितलं न्हाईस.

तेजस्वी : काय तोंडानं सांगू? तुमच्या हातानं मूर्ती बाहेर पडली असती तर जन्मभर तुम्हाला धरून बोलले असते. तेवढं पण निमित्त ठेवलं न्हाई मी. तुम्ही समोर आला की माझी मलाच लाज वाटते, आत्ती. वर्षभर वाटते. मासे मेले आणि बरं सापडलं, आता तुम्हाला सदलग्याला धाडता येईल, असं वाटलं मला. हे पण ऐकून ठेवा.

मालुबाई : लई वाईट हैस तू.

तेजस्वी : हाय.

मालुबाई : घरातलं माणूस गेलं आन् मला पत्ता न्हाय. तिसऱ्या दिवशी तुझ्याकडनं पाण्याचं पिंप हलवून घेतलो मी. भरलेलं.

तेजस्वी : हलवलं मी.

मालुबाई : वर म्हटलो, दोन दीस निजून अंग जड झालंय बाईचं.

तेजस्वी : म्हटला होता.

मालुबाई : तवा तरी तोंड उघडायचं हुतं! एरवी चुरूचुरू बोलतीस.

तेजस्वी : समर्थला सांगते मी. शनिवारी गाडी नको म्हणून.

मालुबाई : तू कोण सांगणार? जायाचं का न्हाय ते माझं मी बघीन. तू धाडलीस म्हणून जाणार न्हाय आन् तू ठेवलीस म्हणून ऱ्हाणार न्हाय.

तेजस्वी : बरं. बादली भरली. ही मी नेते.

मालुबाई : ठेव ती खाली.

तेजस्वी : नारळाच्याच बुडात ओतते, आत्ती. मोरीत न्हाई.

मालुबाई : ठेव म्हटलो न्हवं? जड उचलायचं न्हाय तू.

तेजस्वी : वर्ष झालं त्याला.

मालुबाई : तुला झालं. मला आज कळालंय.