आंधळगावातल्या तज्ज्ञ

आमचं विद्यापीठ आणि एक कंपनी मिळून शेतकऱ्यांची बोली समजणारं ॲप बनवत होते, तेव्हाचं सांगतो. आवाज रेकॉर्ड करायला मी आणि कंपनीचा इंजिनिअर रोहित आंधळगावला गेलो. बोलायला पहिल्याच आल्या त्या शेतकरी शांताबाई. त्यांनी रोहितने दिलेलं कार्ड वाचलं, "माझ्या भातपिकावर कीड पडली आहे," आणि थांबल्या.

"भात त ताटात असते, बापू. वावरात धान असते."

"कार्डावर आहे तसंच वाचा, मावशी. कंपनीनं ठरवून दिलंय."

"अन् मी माह्या बोलीत बोलली त?"

"मशीनला कळणार नाही."

"मंग शिकवाचं कोनाले हाय? मले का त्याले?"

त्या उठल्या. मागे थांबलेल्या बायकाही उठायला लागल्या. आता काम बुडालंच, असं मला वाटलं. रोहित बाहेर जाऊन बराच वेळ फोनवर बोलला. परत आला आणि कार्डं पिशवीत टाकत म्हणाला, "मावशी, तुमच्या बोलीत बोला."

त्या तासभर बोलल्या.

पुढे ॲपच्या अहवालात छापून आलं, 'तज्ज्ञांच्या सल्ल्याने वाक्यं बदलली.' मी ते शांताबाईंना वाचून दाखवलं.

"तज्ज्ञ म्हंजे कोन?"

"तुम्हीच."

"मंग नाव लिवाले काय झालं होतं?"