होपिया कुणाची?

बिनोंदो या चिनी वस्तीतल्या बेकरीपुढची रांग पार कोपऱ्यापर्यंत गेली होती. रांगेत लुर्देसच्या पुढ्यातल्या दोन म्हाताऱ्यांची, एक तागालोग नि एक चिनी, अशी काही जुंपली होती की तिला पाय दुखत असल्याचंही भान राहिलं नाही.

"होपिया हा आमच्या तागालोगमधलाच शब्द. जन्मापासून बोलतेय मी."

"बोला की! पण शब्द आमच्या हॉकिएन बोलीतला. 'हो' म्हणजे चांगलं, 'पिआ' म्हणजे बिस्किट. माझे आजोबा खांद्यावर कावड घेऊन विकायचे."

"आणि आतलं कोनफळाचं जांभळं सारण? तेही चीनहून कावडीतून आणलंत का?"

"ते तुमचं. पण मुगाची खाऊन बघा, कोनफळाचं नाव काढणार नाही."

"बरं बाई, नाव तुमचं, कोनफळ आमचं. झालं समाधान?"

"झालं. किती घेताय?"

"चार डबे. नातवासाठी मुलगी मागायला चाललोय, सगळं खटलं घेऊन. मुलगी तुमच्यातलीच, पलीकडच्या गल्लीतल्या तान घराण्यातली."

"चार? अगं बाई! आमच्यात शुभकार्याला चार नेत नाहीत, मरणाचा आकडा तो. नाव 'चांगलं' नि आकडा असा? आठ न्या, त्यात निम्मे मुगाचे."

"मुलीची आजी खाष्ट आहे म्हणे, पण दारात डबे मोजत बसेल होय?"

"मोजेल. चार दिसले तर दारच लावून घेईल."

"तुम्हाला काय ठाऊक?"

चिनी म्हातारीला हसता हसता ठसका लागला.

"दार माझंच आहे, विहीणबाई!"