गॅरेजमधला दिवा

दुरुस्तीच्या दुकानात रांगेत माझ्यापुढे बाप-लेक उभे होते. गाडीच्या बॅटरीचा चार्जर बापानं काउंटरवर आपटला.

"भंगारात टाका हा! याच्यापायी काल गाडी सुरूच झाली नाही, हिच्या आईला शेजाऱ्याच्या गाडीतून दवाखान्यात न्यावं लागलं."

दुकानदारानं चार्जर लावून बघितला. "काका, चार्जर ठणठणीत आहे. लावता कुठे?"

"गॅरेजमध्ये. दिव्याच्या बटणावरच तो प्लग चालतो."

"मग दिवा कुणीतरी बंद केला असेल."

"मीच केला! रिकाम्या खोलीत दिवा जळलेला मला खपत नाही."

"बाबा, हळू बोला."

"का हळू? आणि आईपाशी यातलं अक्षर काढायचं नाही!"

"तिनं बघितलं होतं तुम्हाला बंद करताना."

"मग पुन्हा लावायला काय झालं होतं तिला?"

"मागे एकदा लावला होता. तेव्हा तुम्ही घर डोक्यावर घेतलंत."