चालत्या कॉम्प्युटरची पूजा

आमच्या अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, एकदा चालता कॉम्प्युटर पूजेसाठी बंद केला, तो प्रकार ऐका. लोहाऱ्यात माझं बॅनरचं दुकान. काम झपाझप व्हावं म्हणून व्हिडिओ बघून बघून मी रॅममध्येच, म्हणजे कॉम्प्युटरच्या तात्पुरत्या मेमरीत, डिस्क बनवायला शिकलो. मशीन बंद झालं की ती पुसली जाते, म्हणून फाईल आधी खऱ्या डिस्कवर उतरवायची, मगच बंद करायचं.

खंडेनवमीला माकणी गावच्या एका गिऱ्हाईक काकांच्या बॅनरची फाईल अशीच उतरत होती. त्यांची पुतणी फौजदार झालेली, संध्याकाळी तिची मिरवणूक. काका समोरच बसलेले. तेवढ्यात अण्णा हळदकुंकू घेऊन आले.

"चालत्या औताची कुणी पूजा करतंय व्हय?" म्हणत त्यांनी बोर्डावरचं बटण दाबलं.

मशीन परत लावलं, तर फाईल अर्धीच उतरलेली. वर काकांसकट सगळे फेटेवाले चुलते झळकत होते, खाली नुसता करडा पट्टा.

काकांनी पडद्यावर बोट ठेवून एकेक फेटा मोजला. "चुलते समदे आले. पोरगी कुठंय?"

"ती करड्यात गेली, काका. तासाभरात नवा करतो. आता आधी फाईल उतरवीन, मग पूजा."

"करा. पण ह्या टायमाला पोरगी वर घ्या अन् आमाला खाली. परत अण्णा पूजेला आले, तर आमीच जाऊ."