यूसुफ काकांनी घरी नेलेला माणूस

मी, सिद्धेश मोरेश्वर पाथ्रीकर, वय २४, मूळ गाव सेलू, जिल्हा परभणी, शिक्षण डिप्लोमा अर्धवट, धंदा असा एक नाही, सध्या किराणा दुकानात मदत आणि गाडी चालवणे, राहणार शोभना काकूंचे बेसमेंट, ट्रॉय, मिशिगन, आज दिनांक ३० डिसेंबर २०२४ रोजी इथल्या पोलीस स्टेशनात आपण होऊन आलो आणि लिहून देतो की,

ऑफिसर बाई म्हणाल्या, इंग्रजीत अडखळतोस तर तुझ्या भाषेत लिही, आम्ही भाषांतर करून घेऊ. फोनवर दुभाषी म्हणून नीलांबरीताई आहेत. त्या म्हणाल्या, "जे पाहिलंस, जे केलंस तेवढंच लिही. फाटे फोडू नकोस." प्रयत्न करतो.

मी वडिलांच्या ग्रीन कार्डवर या देशात आलो. आधी पेनसिल्व्हेनियात, स्टेट कॉलेज नावाच्या गावात चुलतभावाच्या सोफ्यावर होतो. तो पीएचडी करायचा आणि मी कॅम्पसच्या बसमधून उगाच फिरायचो. एका ड्रायव्हरला वाटायचं मी युनिव्हर्सिटीत शिकतो, तो मला परीक्षेच्या शुभेच्छा द्यायचा. मग इकडे मिशिगनमध्ये, नोव्हाय गावात वेअरहाऊसमध्ये होतो. ते जाऊ द्या. मागच्या उन्हाळ्यापासून शोभना काकू आणि गुरुनाथ काका यांच्या दुकानात आहे. दुकानामागचं किचन त्यांनी यूसुफ काकांना वापरायला दिलेलं आहे. यूसुफ काका म्हणजे ज्यांच्या हरवल्याची तक्रार त्यांची मुलगी रीम हिने दिली आहे ते. वय सत्तरच्या पुढे, सिरियातल्या होम्स शहराचे, डायबेटिस आहे, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तिथे ते रोटी आणि बकलावा नावाची त्यांच्याकडची मिठाई करतात.

काकूंच्या दुकानात 'नाही' आणि 'संपलं' हे शब्द चालत नाहीत. वास्तू तथास्तु म्हणते, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे छपराखाली वाईट बोललं की वास्तू 'तसंच होवो' म्हणते आणि तसंच होतं. हे ऑफिसर बाईंना समजावताना नीलांबरीताईंना बराच वेळ लागला. कढीपत्ता नसेल तर "उद्या येतोय" म्हणायचं. प्रीता म्हणून एक गिऱ्हाईक आहेत, त्या एकदा म्हणाल्या, "काकू, तुमचा उद्या अधिक महिन्यात येतो का?" काकू हसल्या, पण नाही म्हणाल्या नाहीत. यूसुफ काकांना हा नियम लगेच कळला होता. ते म्हणाले, "आमच्याकडेही भिंती ऐकायच्या. फक्त तथास्तु म्हणायला पोलिसांची गाडी यायची."

रविवार, ८ डिसेंबर रोजी सकाळी मी दुकान उघडलं तेव्हा यूसुफ काका किचनमध्ये आधीच होते. पीठ भिजवलेलं नव्हतं. रिकाम्या परातीत फोन ठेवून ते बघत होते. म्हणाले, "पळाला." मी विचारलं, कोण? "ज्याचं नाव आम्ही घरातसुद्धा हळू घ्यायचो तो. विमानात बसून पळाला." सिरियावर आधी बापाचं राज्य, मग मुलाचं, मग इतक्या वर्षांचं युद्ध, आणि शेवटी शिपायांनी रस्त्यावर युनिफॉर्म काढून टाकले आणि घरी गेले, असं त्यांनी मला सांगितलं. काकूंनी पेढ्यांचे बॉक्स फोडले आणि त्या दिवशी आलेल्या प्रत्येकाला पेढा दिला. ज्यांना सिरिया कुठे आहे ते माहीत नव्हतं त्यांनीही खाल्ला.

डिअरबॉर्नकडे, जिथे अरब वस्ती आहे, लोक झेंडे घेऊन गाड्या काढतायत असं कळलं म्हणून मी दुकान सोडून बघायला गेलो. तिथे अनोळखी पोरांबरोबर नाचलो, एकाने मला खांद्यावर घेतलं. परत आलो तर काका त्याच स्टुलावर.

"नाचलास?"

"हो काका."

"बरं केलंस. माझ्या वाटचंही झालं." मग म्हणाले, "तुरुंग उघडलेत."

सामेर हा त्यांचा मुलगा. इंजिनिअरिंगला होता. २०१२ साली लष्कराच्या नाक्यावर त्याला बसमधून उतरवून नेलं, त्यानंतर तो दिसला नाही. लहानपणी तो भट्टीवर पडला होता, डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला होता. हे मला ठाऊक होतं, कारण भट्टीजवळ गेलो की काका ओरडायचे, "बाही खाली कर, सामेरसारखं होईल."

त्या आठवड्यात ते दिवसभर सुटलेल्या कैद्यांचे व्हिडिओ बघत. रोटी होत नव्हती. गुरुवारी ते फोन घेऊन काउंटरला आले. दमास्कसच्या एका हॉस्पिटलच्या पायरीवर बसलेला माणूस, फार वाळलेला. लोक नाव विचारतायत आणि तो सांगत नाही. यूसुफ काकांनी पाकिटातला सामेरचा फोटो शेजारी धरला.

काकूंनी चष्मा लावला आणि म्हणाल्या, "हाच तो. आला बघा." गुरुनाथ काका म्हणाले, "कपाळ तर तेच आहे." प्रीताताई मेथी निवडत होत्या, त्या म्हणाल्या, "डोळे अगदी सेम."

मग यूसुफ काका मला म्हणाले, "यांनी चेहरा पाहिला. चेहरा बदलतो. तुझे डोळे तरुण आहेत, तू हात बघ. डाग दिसतो का?"

व्हिडिओत तो माणूस मध्येच हात वर करतो, मारतील अशा भीतीने, आणि दोन्ही बाह्या कोपरापर्यंत घसरतात. मी ते सावकाश चालवून पाहिलं. उजेड चांगला होता. काकू माझ्याकडे बघत होत्या. मी म्हणालो, "दिसतो काका."

त्यांनी माझं डोकं दोन्ही हातांत धरून कपाळाची पापी घेतली. त्यांच्या हाताला पीठ नव्हतं, हे मला उगाच आठवतंय.

शनिवार, १४ डिसेंबर रोजी दुपारी मी त्यांना विमानतळावर सोडलं. बैरूतपर्यंत विमान, पुढे रस्त्याने. रीमला कळवलं का, असं मी विचारलं. "त्याला घेऊन कळवतो," म्हणाले. बॅगेत इन्सुलिन, सामेरसाठी दोन स्वेटर आणि काकूंनी दिलेले बेसनाचे लाडू होते. वाटेत बर्फ पडत होतं, ट्रक फार होते. एका ट्रकवर पूर्ण घर लादलेलं होतं, खिडक्या-पडद्यांसकट, मी काकांना ते दाखवत बसलो. ते बघत नव्हते. ते म्हणाले, "सिद्धेश, पुन्हा एकदा सांग. डाग?"

गाडीत वास्तू नसते. हे मला त्या वेळी सुचलं होतं. मला कुणी अडवलेलं नव्हतं, काकूही नव्हत्या. मी "हो" म्हणालो आणि एक्झिट आला म्हणून लेन बदलली.

बैरूतला उतरल्याचा त्यांचा मेसेज आला. नंतर फोन बंद. रीम पेनसिल्व्हेनियात नर्स आहे, ती आठवडाभर वाट पाहून गाडी चालवत आली आणि तिने तक्रार दिली. मग ती दुकानात आली. काकूंकडून तिला फोनवर सगळं कळलं होतं. काकू चहा ठेवायला लागल्या, ती नको म्हणाली. तिने मला विचारलं, "डाग पाहणारा तूच का?" मी हो म्हणालो. ती म्हणाली, "सामेर तुरुंगातच वारला, दहा वर्षं झाली. त्याच्या कोठडीतला एकजण सुटला, त्याने मला सांगितलं. मी बाबांना सांगितलं नाही."

गुरुनाथ काकांनी विचारलं, "का गं, बाळा?"

ती म्हणाली, "तुम्ही सांगितलं असतंत?"

तक्रारीत माझ्यावर संशय असल्याचं ऑफिसर बाई म्हणाल्या. रीमचं चूक नाही. त्यांना शेवटचा पाहणारा मीच होतो.

काल, २९ डिसेंबर रोजी सकाळी मला अनोळखी नंबरवरून व्हिडिओ कॉल आला. यूसुफ काका होते. होम्समधल्या त्यांच्या जुन्या घरात, वरचा मजला पडलेला आहे, खाली राहतात. तब्येत उतरलेली वाटली. इन्सुलिन शेजारी मिळवून देतात म्हणाले. मागे व्हिडिओतला तो माणूस काकांनी नेलेला तपकिरी स्वेटर घालून बसला होता.

काका म्हणाले, "हॉस्पिटलने दिला. फार गर्दी होती, कुणी जास्त विचारलं नाही. भिंतीवर फोटो होता त्याचा, खाली लिहिलेलं, याला कोण ओळखतं. मी ओळखतो म्हणालो आणि फोटो उतरवून घेतला." मग आवाज खाली आणून म्हणाले, "मी त्याला अंघोळ घातली. हात स्वच्छ आहे. तू डाग पाहिला होतास ना?"

मी "काका" एवढंच म्हणालो. त्यांनी पुढे बोलू दिलं नाही. "जात असेल इतक्या वर्षांत. तू कशाला खोटं बोलशील." मग म्हणाले, रीमला सांगू नकोस, ती येईल, हा नव्हे म्हणेल, आणि हा परत पायरीवर जाईल. वचन दे. मी दिलं. ते आज मोडतो आहे. घराचा पत्ता त्यांनी बोलता बोलता सांगितला, तो वेगळ्या कागदावर लिहून दिला आहे.

व्हिडिओतल्या माणसाच्या हातावर डाग नव्हता. मला नीट दिसलं होतं.

ऑफिसर बाई म्हणाल्या, आमच्याकडची तक्रार यूसुफ यांची, ते जिवंत आहेत, पत्ता मिळाला, झालं. मी म्हणालो, त्या दुसऱ्याचं काय? त्याच्या घरचे कुठेतरी त्याला शोधत असतील आणि भिंतीवर आता त्याचा फोटो नाही. त्या म्हणाल्या, त्याची नोंद इथे होऊ शकत नाही. मी विचारलं, माझ्या जबाबात लिहू का? त्या म्हणाल्या, जबाब तुझा आहे. म्हणून लिहितो.

पुरुष, उंच, अंदाजे पस्तिशीचा, केस पिकलेले. उजव्या भुवईत एक फट आहे, तिथे केस उगवलेले नाहीत. डाव्या हातावर कसलीही खूण नाही. बोलत नाही. कॉल चालू असताना काकांनी त्याला रोटी दिली, तेव्हा त्याने तिचे दोन तुकडे केले. मोठा तुकडा डाव्या बाजूला ठेवला, जिथे कुणी बसलेलं नव्हतं, थोडा थांबला, आणि मग लहान तुकडा खाल्ला. ही सवय त्याच्या घरचं कुणीतरी ओळखेल. तो होम्समध्ये आहे. त्याला जेवण मिळतं.

हे सगळं मी माझ्या हाताने लिहिलं, मोठ्याने वाचलं, आणि नीलांबरीताईंनी ते इंग्रजीत ऑफिसर बाईंना सांगितलं. काही खोडायचं आहे का असं विचारलं, मी नाही म्हणालो. मजकूर मी सांगतो तसाच आहे आणि खरा आहे.

सही
सिद्धेश मो. पाथ्रीकर