वासाची साक्ष

विनया: बाहेर या. सर, आधी बाहेर या, मग बोला.

खंडेराव: अगं, टॉवर चालू आहे. मध्येच सोडून कसा येऊ?

विनया: ब्लोअर बंद केलाय मी. काकू, त्यांचा हात धरा.

भानुमती: चला हो. पायरी आहे, जपून. इथं हापशापाशी बसा.

खंडेराव: झालंय काय एवढं? दोघींनी मिळून उचलबांगडीच केलीत माझी.

विनया: तुम्हाला खरंच कळलं नाही? मी ऑटोतून उतरले तर फाटकापर्यंत अमोनिया. काकू तर डबा घेऊन बाहेरच थबकल्या होत्या, नाकाला पदर लावून. आणि तुम्ही आत, त्या गळत्या पाइपला टेकून बसलेले!

खंडेराव: कुठला पाइप?

विनया: टॉवरमधून अमोनिया ॲसिडच्या टाकीत नेणारा. जोडावरचं गॅस्केट गेलंय. द्वारकाजींनी गोठ्यातल्या म्हशी सोडून पलीकडच्या रिकाम्या प्लॉटवर नेल्या. दावी तोडायच्या बेतात होत्या त्या.

खंडेराव: मला वाटलं, धुवायला नेल्या असतील.

भानुमती: डोळ्यांवर पाणी मारा आधी. लाल झालेत.

खंडेराव: ते चुन्यानं. शेणमुताच्या टाकीत चुना घातल्याशिवाय अमोनिया सुटत नाही, आणि चुना म्हटलं की उडणारच. डोळे रोजच चुरचुरतात माझे.

विनया: सर, विषय बदलू नका यार. वास आला नाही तुम्हाला?

खंडेराव: जरा सर्दी आहे.

भानुमती: सर्दी नाहीये.

खंडेराव: भानू.

भानुमती: नाही, आता बोलू द्या मला. विनया, नात झाली तेव्हापासून बघतेय मी. सरोजिनी नगरला, आमच्या शार्दूलच्या सरकारी क्वार्टरमध्ये, जो तो बाळाची टाळू हुंगत होता. यांनीही हुंगली. मग तिला माझ्या हातात दिली आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. पुढे एकदा मी मुद्दाम नासलेलं दूध ठेवलं यांच्यासमोर. ओठाला लागेपर्यंत कळलं नाही.

खंडेराव: मुद्दाम ठेवलंस?

भानुमती: विचारलं असतं तर सर्दी म्हणाला असतात.

विनया: मग इतके दिवस तुम्ही मला फोनवर सांगायचात, "आज वास बिल्कुल नाही", ते कशावरून?

खंडेराव: हिशेबावरून. शेणातून किती सुटला, ॲसिडमध्ये किती उतरला. दोन्ही आकडे जुळले की वास नाही.

विनया: आणि आज जोडातून बाहेर गेला तो?

खंडेराव: तोही कळला असता. संध्याकाळी, आकडे मांडल्यावर.

विनया: संध्याकाळी!

खंडेराव: ओरडू नकोस. गॅस्केट मी आत्ता बदलतो. फक्त उद्याचा दिवस कुणाला काही सांगू नकोस. कॉलनीची माणसं बघायला येणार आहेत. वास घालवणाऱ्यालाच नाक नाही म्हटल्यावर कोण थांबेल इथं? गोठा हटवायची तक्रार तयारच आहे त्यांची. द्वारकाच्या वडिलांनी हा गोठा घातला तेव्हा आजूबाजूला ऊस होता. हे फ्लॅट नंतर आले.

विनया: म्हणजे तुम्ही त्यांना वास नाही म्हणून सांगणार, आणि मी शेजारी उभी राहून मान डोलावणार? नाही जमणार, सर. द्वारकाजींची माणसं रात्री आत झोपतात.

खंडेराव: ...ते खरं.

विनया: ऑफिस सांभाळून गोठ्याचा वास घालवायचं हे काम करतेय मी. तुमच्या भरवशावर.

खंडेराव: माहीत आहे गं. खताच्या कारखान्यात होतो तेव्हा नुसत्या वासावरून सांगायचो, कुठला जोड सुटलाय. मग रिटायर झालो, गाज़ियाबादला आलो आणि सकाळचा पेपर संध्याकाळपर्यंत पुरवून वाचायला लागलो. तू इथं आणलंस. पहिल्याच दिवशी द्वारका म्हणाला, "साहब, ज़रा देखिए." किती दिवसांनी कुणी मला काही बघायला सांगत होतं. हे तुला सांगितलं असतं, तर तू घरी बसवलं असतंस मला.

विनया: कदाचित बसवलंही असतं.

भानुमती: आता सांगायचंच आहे, तर जे उद्या येणार आहेत त्यांनाच सांगा. आणि तुम्हीच सांगा.

(दुसरा दिवस, उन्हं कललेली. कॉलनीची माणसं येऊन गेली आहेत. खंडेराव गोठ्याबाहेरच्या खाटेवर बसले आहेत; भानुमती घरून चहा घेऊन आल्या आहेत. एवढं दमलेलं आणि एवढं हलकं आपल्याला एकाच वेळी कधी वाटलं होतं, ते त्यांना आठवत नाही.)

विनया: काकू, तुम्ही यायला हवं होतंत! सर सरळ म्हणाले, "मुझे गंध नहीं आती. कल पाइप लीक हुआ, मुझे पता नहीं चला. मेरी बात मत मानिए, आप लोग ख़ुद सूँघिए."

भानुमती: मग?

विनया: एक मॅडम म्हणाल्या, "जिसे बदबू ही नहीं आती, वो बदबू क्या हटाएगा?" सगळे हसले.

खंडेराव: मीही हसलो. बाई काही चुकीचं बोलल्या नव्हत्या.

विनया: पण मग नाकावरचे रुमाल काढले की लोकांनी! कोपरा न् कोपरा हुंगला. सेक्रेटरी तर वाकून नवं गॅस्केट हुंगत होते. ॲसिडमध्ये अमोनिया उतरून तयार झालेलं खत हातावर घेतलं, पांढरंशुभ्र, मिठासारखं. म्हणे, गोबर से?

भानुमती: आणि काय ठरलं?

विनया: टाकीपाशी वास नाही, हे मान्य. पण मागच्या नाल्यावर आहे म्हणाले, आणि ते खरंच आहे. नाल्याचं पाणी आपल्या टाकीत येतच नाही अजून. ते जोडा, पावसाळ्यानंतर पुन्हा येतो, तोवर तक्रार पुढे नेत नाही, म्हणाले.

खंडेराव: म्हणजे सध्यापुरता गोठा राहिला.

विनया: आणि तुम्हीही, सर. पण आत एकट्यानं बसायचं नाही. शेजारी नाक असलेलं माणूस हवं.

भानुमती: मी येत जाईन. दुपारभर घरी करते तरी काय?

विनया: अच्छा, पेजर वाजतोय. ऑफिस. निघते मी.

भानुमती: सांभाळून जा गं. ...अहो, चहा घ्या. निवतोय.

खंडेराव: भानू, आत्ता कसला वास येतोय?

भानुमती: अमोनिया नाही. मघाशीच आत जाऊन बघून आले.

खंडेराव: ते नाही. बाकीचा सांग.

भानुमती: बाकीचा? ओल्या भुशाचा येतोय. तापलेल्या पत्र्याचा. म्हशींच्या अंगाचा. आणि पलीकडच्या फ्लॅटात कुणीतरी कांदा परततंय.

खंडेराव: इथपर्यंत येतो?

भानुमती: येतो की. जरा जास्तच भाजलाय.

खंडेराव: अजून?

भानुमती: थांबा. वारा फिरू दे.